रात्रीची गोळी मी गुपचूप बंद केली

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या पन्नाशीच्या एका बाईंकडे त्यांची आई राहते. आईचं वय 76, वजन 54 किलो. बीपी जुनं, साखर अलीकडची, दोन्हींवर गोळ्या चालू. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित निघाले. हृदयरोगतज्ज्ञांनी ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असं निदान केलं आणि रक्त पातळ करणारी अ‍ॅपिक्साबान, 5 मिलिग्रॅम, सकाळ-रात्र सुरू केली. ऑपरेशन लांबलं ते लांबलंच. तीन महिन्यांत आईंच्या मनगटांवर काळेनिळे डाग उठायला लागले, बांगड्या चढवतानासुद्धा. दात घासताना थुंकीत रक्त दिसतं. मध्ये एकदा मोरीत पाय घसरून त्या पडल्या. डोक्याला लागलं नाही, पण मांडी आठवडाभर जांभळी होती. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणतो, “आईला काही त्रास नसताना उंदराचं औषध कशाला? डोक्यात रक्तस्राव झाला तर जबाबदार कोण?” ओळखीच्या मेडिकलवाल्याने सुचवलं, त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन द्या, सौम्य असते. शेवटी बाई लिहितात: “दीड महिन्यापासून रात्रीची गोळी मी गुपचूप बंद केली आहे. आईला सांगितलं, डॉक्टरांनीच कमी केली. दिली तरी भीती, नाही दिली तरी भीती. काय करू?”

ताई,

आधी कामाचं सांगते, बाकीचं मागाहून. आज रात्रीची गोळी आईंना द्या. एकच, नेहमीची, चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन देऊ नका. उद्या सकाळी तज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन करून दीड महिन्यात काय झालं ते जसंच्या तसं सांगा. डॉक्टर चिडतील, तर चिडू द्या. तुमच्या पत्रात काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा यांतलं काहीच नाही, म्हणून मी इतक्या ठामपणे लिहिते आहे. त्यातलं काही लिहायचं राहून गेलं असेल, तर गोळी देण्याआधी आजच डॉक्टरांना गाठा.

आता त्या ‘गुपचूप’बद्दल. तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही. तीस वर्षं ओपीडीत बसल्यावर सांगते, घरच्यांनी परस्पर बंद केलेल्या गोळ्यांत या गोळीचा नंबर फार वरचा. बीपीची गोळी लोक कंटाळून सोडतात. ही सोडतात भीतीने, आणि बहुतेक वेळा घरात जो सगळ्यांत जास्त काळजी घेतो तोच सोडतो. गोळी त्याच्या हाताने दिली जाते ना! मनगटावर डाग उठला की त्याला वाटतं, हा मी दिला. उलट गोळी न दिल्याने पक्षाघात झाला, तर माणसं म्हणतात, वय झालं होतं, अंगावरून वारं गेलं. खापर कुणाच्याच डोक्यावर फुटत नाही. तुमच्या भावाचा प्रश्नही तसाच एका बाजूने विचारलेला आहे. रक्तस्राव झाला तर जबाबदार कोण, हे ते विचारतात. आईंची उजवी बाजू आणि वाचा गेली तर कोण, हे विचारायचं त्यांना सुचलेलं नाही. तुम्हालाही नाही, म्हणून तर गोळी थांबली.

निम्मी भीती त्या ‘पातळ’ शब्दाने घातली आहे. रक्त पातळ म्हटलं की डोळ्यांसमोर पाणी घातलेलं दूध येतं. या गोळीने रक्त जराही पातळ होत नाही. रक्त गोठण्याची एक साखळी असते, तिच्यातला एक दुवा ही गोळी अडवून धरते. गुठळी सहजासहजी होत नाही, एवढंच. त्यामुळे खरचटलं तर रक्त थांबायला जरा जास्त वेळ लागतो, पण दाबून धरलं की थांबतं. आम्ही डॉक्टरांनीच हा शब्द रूढ केला. पेशंटला पटकन कळतो म्हणून. आता त्याचे परिणाम निस्तरतो आहोत.

दुसरं, ‘त्रास नाही’ हे. दुपारी आई आडव्या झाल्या की त्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, तुमची तीन बोटं अलगद टेकवा आणि मिनिटभर नुसती नाडी ऐका. निरोगी नाडी घड्याळासारखी चालते. आईंची तशी चालणार नाही. दोन ठोके लगोलग, मग रिकामी जागा, मग एक जोराचा, एक अगदी पुसट; पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडतात तसे. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत असतात, त्याची ही खूण. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. ओढ्याच्या वळणावर पाणी संथ झालं की काडीकचरा साठतो, तसं या पिशवीत रक्त रेंगाळतं आणि गुठळी धरते. झडपांचा आजार नसलेल्या पेशंटमध्ये हृदयातल्या दहापैकी सुमारे नऊ गुठळ्या याच पिशवीत सापडतात. त्यातली एखादी सुटली की थेट मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. धडधड, दम, चक्कर यांतलं काहीही नसताना हे होऊ शकतं. पुष्कळांचं एट्रियल फिब्रिलेशन पक्षाघात होऊन अ‍ॅडमिट झाल्यावरच कळतं. आईंचं मोतीबिंदूच्या निमित्ताने आधी कळलं, हे मी नशीब समजते.

हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. म्हणून डॉक्टर एक गुणपत्रिका मांडतात: वय 75 किंवा जास्त असेल तर 2 गुण, 65 ते 74 असेल तर 1, बीपीचा 1, मधुमेहाचा 1, हृदय कमजोर झालेलं असेल तर 1, रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर 1, आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर 2. (बाई असण्याचा म्हणून जुन्या पद्धतीत आणखी 1 धरायचे, युरोपातल्या तज्ज्ञांनी 2024 पासून तो काढून टाकला. बाई असणं हा आजार नाही, हे त्यांना उशिरा का होईना उमगलं.) आईंचे झाले 4. पन्नाशीचा, बीपी-साखर काही नसलेला माणूस असता तर शून्य गुण, आणि त्याला बहुधा ही गोळी दिलीच नसती. तेव्हा ‘आमच्या ऑफिसात एकाला हेच झालंय, त्याला तर काही देत नाहीत’ असं भाऊ म्हणाले, तर ते खोटं नसेल. फक्त तो माणूस म्हणजे आई नव्हे.

4 गुणांची शंभर माणसं गोळीविना वर्षभर राहिली, तर ढोबळमानाने चार-पाच जणांना पक्षाघात होतो. या जातीच्या औषधांनी त्यातले साधारण दोन-तृतीयांश टळतात. दुसऱ्या पारड्यात रक्तस्राव. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅरिस्टॉटल नावाच्या चाचणीत अठरा हजारांवर पेशंट होते. त्यात अ‍ॅपिक्साबानवर मोठा रक्तस्राव वर्षाला शंभरात दोघांना झाला, आणि डोक्यातला हजारात तिघाचौघांना. म्हणजे धोका आहे, मी तो लपवत नाही. पण या मोठ्या रक्तस्रावांतले बरेच पोटा-आतड्यातले असतात. बाटली चढवून, दुर्बिणीने बघून माणूस सहसा घरी परत येतो. गुठळीने मेंदूचा जो भाग मरतो तो मात्र परत येत नाही, आणि एट्रियल फिब्रिलेशनमधून होणारा पक्षाघात इतर पक्षाघातांपेक्षा सहसा मोठा असतो.

आता अ‍ॅस्पिरिन. मेडिकलवाल्यांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला वीस वर्षं जुना आहे. अ‍ॅस्पिरिन रक्तातल्या बिंबिकांवर (प्लेटलेट्सवर) काम करते. रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी मुख्यतः वेगळ्या वाटेने, गोठण्याच्या साखळीतून बनते, तिथे अ‍ॅस्पिरिनचं फारसं चालत नाही. हे नुसतं तर्काचं नाही. ज्यांना वॉरफरिन (गुठळी रोखणारं जुनं औषध) देणं योग्य वाटत नव्हतं अशा साडेपाच हजारांवर पेशंटना अ‍ॅपिक्साबान किंवा अ‍ॅस्पिरिन देऊन पाहिलं. पक्षाघात आणि इतरत्र गुठळी जाण्याचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनवर वर्षाला 3.7 टक्के, अ‍ॅपिक्साबानवर 1.6. फरक इतका ढळढळीत होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. आणि ज्या कारणासाठी अ‍ॅस्पिरिन ‘सौम्य’ म्हणायची, तो मोठा रक्तस्राव? 1.2 विरुद्ध 1.4 टक्के. जवळपास सारखाच. म्हणजे अ‍ॅस्पिरिन दिली तर आई रक्तस्रावाची किंमत मोजतील आणि संरक्षण घेतील निम्म्याहून कमी. हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर हिशेब वेगळा होतो, तो तुमच्या डॉक्टरांनी मांडायचा. आईंना स्टेंट नाही.

मग निम्मा डोस? ‘आई बारीक आहे, तिला हा डोस जड’ असं तुम्ही लिहिलंय, आणि शंका रास्त आहे. अ‍ॅपिक्साबानचा डोस 5 वरून अडीचवर आणायचा नियम आहे. वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचं माप) 1.5 किंवा जास्त. या तीनपैकी दोन गोष्टी लागू असतील तर. आईंना सध्या एकच लागू आहे, वजन. क्रिएटिनिन तुम्ही कळवलंय 0.9. तेव्हा डोस बरोबर आहे. चार वर्षांनी आई ऐंशीच्या होतील तेव्हा तो कमी करावा लागेल. हे तुम्हीच डॉक्टरांना आठवण करून द्या, गर्दीच्या ओपीडीत नजरेतून निसटतं. पण 5 ची गोळी दिवसातून एकदा देणं म्हणजे निम्मा डोस नव्हे. या औषधाचा अंमल सुमारे बारा तासांत निम्म्यावर येतो. सकाळी आठला दिलेली गोळी रात्री ओसरत जाते आणि पहाटे आईंना जेमतेम आधार उरतो. तुम्ही दार अर्धं लावलंत असं तुम्हाला वाटलं. खरं म्हणजे दिवसा लावलं आणि रात्री सताड उघडं ठेवलं.

‘उंदराचं औषध’ याचा उगम खरा आहे. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला एक चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. विस्कॉन्सिनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं कारण वेगळं काढलं. पुढे त्याच घराण्यातलं वॉरफरिन 1948 मध्ये उंदरांसाठी आणि 1954 पासून माणसांसाठी वापरात आलं. 1955 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही ते दिलं होतं. भावाला हे सांगा, त्यांना आवडेल. आणि मग हेही सांगा की आई घेतात ते वॉरफरिन नाहीच. वेगळं औषध, वेगळी पद्धत.

पडण्याचं भय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. 1999 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी वॉरफरिनवरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक गणित मांडलं होतं: पडून डोक्यात रक्तस्राव होण्याचा तोटा गोळीच्या फायद्याला मागे टाकायचा असेल, तर माणसाने वर्षातून सुमारे 295 वेळा पडायला हवं. कागदावरचं गणित आहे, त्याला अक्षरशः धरू नका. पण पडतात म्हणून गोळी बंद, या सवयीला त्याने चांगला चाप लावला. उपाय गोळीत नाही, मोरीत आहे. तिथे दांडी बसवा, रबरी मॅट घाला, आंघोळीला उंच स्टूल द्या, रात्री एक बारीक दिवा राहू द्या. आईंच्या सपाता बघा. तळ गुळगुळीत झाला असेल तर आजच टाका. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन? धूसर दिसल्यावर माणूस पडणारच. या ऑपरेशनसाठी सहसा ही गोळी थांबवावीही लागत नाही. डोळ्यांच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, म्हणजे कुणी तुम्हाला ‘पाच दिवस बंद ठेवा’ असं सवयीने सांगणार नाही. दात काढतानाही हाच नियम: थांबवायची का आणि किती तास, हे विचारून, परस्पर नाही. माझा एक पेशंट दाढ काढायची म्हणून स्वतःच्या मनाने दहा दिवस थांबला होता. दाढ छान निघाली. नवव्या दिवशी चहाचा कप उचलताना हातातून सुटला आणि तोंडातून शब्द फुटेना. घरच्यांनी आधी कुणाकडून तरी लकव्याचा झाडपाला आणला. त्यात दुपार गेली.

त्याचंच पुढचं: तोंड वाकडं झालं, एक हात वर राहीना, बोलणं बोबडं झालं, तर घड्याळ बघा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात तडक न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. शेवटची गोळी किती वाजता दिली ते पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यावर ते इंजेक्शन द्यायचं की तारेने गुठळी ओढून काढायची हे ठरतं. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. आणि आई डोक्यावर पडल्या, तर शुद्धीवर असल्या, हसत असल्या, तरी दवाखाना.

तुम्ही पत्रात सहज जाता जाता एक ओळ लिहिली आहे, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी तिची वाटली: ‘गुडघे दुखले की मेडिकलमधून एक लाल गोळी आणते, तिने बरं वाटतं.’ ती गोळी कोणती ते बघा. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांतलं काही असेल तर बंद करायची गोळी ती आहे. अ‍ॅपिक्साबानसोबत ही वेदनाशामकं पोटातल्या रक्तस्रावाचा धोका बराच वाढवतात, शिवाय किडनीलाही त्रास देतात. गुडघ्यांना पॅरासिटामॉल, शेक, मलम, व्यायाम. दुसरं, वरचं बीपी. तुम्ही कळवलेले आकडे 158, 164 असे आहेत. डोक्यातल्या रक्तस्रावाचं मोठं कारण हे, त्यामुळे बीपीची गोळी वाढवायला सांगा. हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन सहा महिन्यांनी. हिरड्यांसाठी मऊ ब्रश आणि एकदा दाताच्या डॉक्टरांकडे साफसफाई. थुंकीतलं ते रक्त बहुतेक करून हिरड्या सुजल्यामुळे येतंय, गोळीने ते फक्त दिसायला लावलं. कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेलात, अगदी वैद्यांकडेही, तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनने हिचा परिणाम घटतो, बुरशीवरच्या काही गोळ्यांनी वाढतो. लसणाच्या, हळदीच्या कॅप्सूल नकोत. फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद खुशाल चालू दे. एकादशीलाही गोळी घ्यायची, पाण्याबरोबर. अ‍ॅपिक्साबानला पोटात अन्न लागत नाही. (रिव्हारोक्साबान घेणाऱ्या वाचकांनी मात्र ती जेवणासोबतच घ्यावी, नाहीतर पुरती शोषली जात नाही. आणि डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायची नाही, मूळ पाकिटातून काढून डबीत भरूनही ठेवायची नाही. दमट हवेने खराब होते.)

इथे थोडं दुसऱ्या वाचकांसाठी. लहानपणी सांधेतापाने झडप खराब होऊन ती अरुंद झाली आहे, किंवा धातूची झडप बसवलेली आहे, अशांनी वरचं वाचून आपली गोळी बदलून मागू नये. तुम्हाला जुनी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉलच लागते. सांधेतापाच्या झडपांवर नवं औषध 2022 मध्ये तपासून पाहिलं, जुनं सरस ठरलं. त्यासाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) तपासत राहायचं, झडपेच्या आजारात साधारण 2 ते 3, धातूच्या झडपेला डॉक्टर सांगतील तितका. मेथी-पालक सोडायचा नाही, फक्त आठवड्याचं प्रमाण एकसारखं ठेवायचं. या गोळ्यांवरच्या तरुण बायकांनी दिवस राहण्याचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, नंतर नव्हे. वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकतं.

ताई, पत्र दोनदा वाचलं. तुम्ही काय म्हणता, भाऊ काय म्हणतात, मेडिकलवाले काय म्हणतात, सगळं त्यात आहे. आई काय म्हणतात ते कुठेच नाही. शहात्तर वर्षांच्या, डोकं शाबूत असलेल्या बाईच्या रक्ताबद्दल तीन माणसं परस्पर ठरवत आहेत. त्यांना सांगा. ‘डॉक्टरांनी कमी केली’ हे खोटं होतं हेही सांगा, पहिल्यांदा जड जाईल. मग विचारा: अंगावर डाग उठलेले चालतील, की एका जागी पडून राहण्याचा धोका पत्कराल? मी हा प्रश्न बऱ्याच आज्यांना विचारला आहे. बहुतेकींचं उत्तर इतकं पटकन आलं की मुलं ओशाळली. ‘मला कुणाचं करून घ्यायला लावू नका’, हे वाक्य तर कितीदा ऐकलं. तुमच्या आई वेगळं म्हणाल्या, सगळं समजून घेऊन नको म्हणाल्या, तर तेही डॉक्टरांसमोर नीट मांडता येईल. खरोखरच ज्यांना गोळी चालत नाही त्यांच्यासाठी हृदयाची ती छोटी पिशवी आतून बंद करण्याचा मार्गही आहे. महाग आहे आणि त्याचे स्वतःचे धोके आहेत, पण आहे.

भावाशी भांडू नका. पुढच्या तपासणीला त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारू द्या. लांब राहणाऱ्या मुलाला आपण काही करत नाही याची बोच असते, आणि ती बरेचदा फोनवरच्या अशा ठाम वाक्यांतून बाहेर पडते. त्यांना एक काम द्या: दर महिन्याच्या गोळ्या ऑनलाइन मागवणं, सकाळ-रात्र कप्प्यांचा डबा पाठवणं. आईंची रात्रीची गोळी रोज नऊला त्यांनी फोन करून आठवण करून दिली, तर उत्तमच. आईंशी रोज बोलणंही होईल.

आणि कासाराकडे जाऊन आईंच्या बांगड्या एक माप मोठ्या घ्या. वय वाढलं की सांधे जाड होतात. जुन्या मापाच्या बांगड्या साबण लावून रेटून चढवल्या तर गोळी नसतानाही मनगट काळंनिळं होतं.

तुमची,
डॉक्टरताई